दुहेरी काचेच्या खिडक्या: रत्नागिरीतले दहा महिने

गेल्या मार्चमध्ये सासूबाईंच्या खोलीला दुहेरी काचेच्या दोन खिडक्या बसवल्या. घर भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याच्या बाजूला, त्यामुळे खारा वारा थेट खिडकीवर. काचा ५ मिमीच्या, मधली फट १२ मिमी, चौकट यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची.

खर्च केला तो सासूबाईंच्या दम्यासाठी. त्यांना रात्री एसी लागतो. आधीच्या एकेरी काचेवर पावसाळ्यात बाहेरून इतकं पाणी धरायचं, की सकाळी अंगणातले माडही दिसायचे नाहीत. तेही चाललं असतं. पण एसी बंद करून दार उघडलं की दमट हवा आत शिरायची, गार काच आतूनही पांढरी व्हायची आणि पाणी ओघळून लाकडी चौकटीत मुरायचं. श्रावणापर्यंत खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी. पुसली तरी आठ दिवसांत परत. दम्याच्या माणसाच्या उशाशी ती बघून जीव तुटायचा.

जुलैत बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली, तर २६ अंशांपर्यंत गार झालेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं पाणी धरतं. आत एसी २२ वर असला तर एकेरी काच तेवढी गार होते. दुहेरीत मधला कोरड्या हवेचा थर गारवा अडवतो आणि बाहेरची काच कोमट राहते. आमच्याकडे २४-२५ वर एसी ठेवून पूर्ण जुलै-ऑगस्ट काच कोरडी राहिली. पाहुण्यांनी एका रात्री १८ वर लावला, तर सकाळी बाहेरून पुन्हा धुकं. फक्त फार दमट रात्री कडेला बोटभर ओल दिसते, कारण दोन काचांना धरून ठेवणारी पट्टी ॲल्युमिनियमची आहे आणि तिच्यातून गारवा सरळ बाहेर जातो.

अशीच ॲल्युमिनियमची पट्टी माझ्या भाच्याला कॅनडात, एडमंटनला, नडते. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आत्या, तुमच्याकडे बाहेरून पाणी, आमच्याकडे आतून बर्फ!" बाहेर उणे २५, आत हीटर. काचेची खालची कड शून्याखाली गेली की स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ तिथे पाणी होऊन गोठते. तो कपडे घरातच वाळत घालत होता आणि जाड पडदे दिवसभर ओढलेले, म्हणजे खोलीची ऊब काचेपर्यंत पोचतच नव्हती. पडदे उघडे ठेवले, बाथरूमचा पंखा जास्त वेळ चालवला, तर बर्फ कडेपुरता उरला. काच आतून ओली झाली म्हणून खिडकी बिघडली असं नव्हे, तिकडेही नाही आणि इकडेही नाही.

दोन काचांच्या मध्ये धुकं आलं तर मात्र ती बिघडलीच. आमची एक ऑक्टोबरात तशी झाली. सकाळी कापडाने आतून पुसलं, बाहेरून पुसलं, डाग हलेना. खिडकीवाला म्हणाला, "उन्हानं जाईल." दुपारी जायचं, रात्री परत यायचं. तीन फोन केल्यावर माणूस आला. त्याने काचेखालची पट्टी उचकटली तेव्हा खाचेत चक्क पाणी उभं होतं, तळाशी जांभ्याची लाल माती. चौकटीतलं पाणी निघायची भोकं बसवतानाच सिमेंटने बुजली होती. चार महिने काचेची कड पाण्यात राहिली, दोन काचा हवाबंद ठेवणारं सील सुटलं, ॲल्युमिनियमच्या पट्टीतली ओल शोषणारी पूड पाण्याने भरून गेली. यावर दुरुस्ती नाही, काचेची जोडी बदलावीच लागते. आधी पैसे मागितले. मी फोटो दाखवून अडून राहिले, तेव्हा फुकट बदलून दिली. बसवताना खाचेत तांब्याभर पाणी ओतून ते भोकांतून बाहेर पडतंय का, हे माणूस जायच्या आत बघाच.

आवाजात फरक आहे, रस्त्यावरचा हॉर्न बराच बारीक येतो. बुरशी यंदा आली नाही. सासूबाईंचा खोकला गेलेला नाही, पण खोलीतला तो कुबट वास नाही आणि त्या स्वतःहून म्हणाल्या, "हल्ली पहाटे झोप लागते गो."

माजघर आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या फणसाच्या लाकडाच्याच ठेवल्यात. तिथे एसी नाही, वारा दिवसभर खेळतो, दुहेरी काच लावून काही मिळणार नाही. सासूबाईंच्या खिडक्यांची भोकं मात्र दर महिन्याला जुन्या टूथब्रशने साफ करते. मे अखेरीस, पहिल्या पावसाआधी, काचेखालची पट्टी काढून आतली खाचही धुऊन घेणार आहे.