विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ : पाहिलेले आणि ऐकलेले १८५७

इतिहासाचे ग्रंथ आणि आठवणींची पुस्तके या दोहोंची ज्यांना गोडी आहे, अशा वाचकांना एकच मराठी पुस्तक सुचवायचे झाले, तर मी विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’ सुचवेन. १८५७ च्या उठावावरील ग्रंथांत पलटणी, तोफा, तहनामे आणि सेनापतींचे खलिते यांची माहिती भरपूर सापडते. पण त्या धामधुमीत सापडलेल्या, कोणत्याही पक्षाचा चाकर नसलेल्या माणसाने काय पाहिले, तो कोठे लपला, काय खाल्ले आणि त्याच्या कानावर काय आले, हे सांगणारे लेखन फार थोडे आहे. गोडसे हे पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक ब्राह्मण होते. घरावर कर्ज झाले होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती, म्हणून दानदक्षिणेच्या आशेने ते आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. निघण्याचे साल होते १८५७.

पुस्तकाचे पहिले सामर्थ्य या साध्या कारणातच आहे. आपल्याकडील बखरी बहुधा कोणत्या तरी दरबाराच्या आश्रयाने किंवा आज्ञेने लिहिल्या गेल्या, त्यामुळे त्यांत धन्याचा पराक्रम आणि शत्रूचा दुष्टपणा यांची मांडणी आधीच ठरलेली असते. गोडसे यांना कोणाची बाजू राखायची नव्हती. राजवाड्यात ते गेले ते दान घेण्यास, आणि गावोगाव फिरले तेही दक्षिणेसाठी, त्यामुळे त्यांची नजर सतत व्यवहारावर आहे. कोणत्या यजमानाने काय दिले, वाटेत धोका कोठे होता, जवळचे पैसे कसे सांभाळले आणि ते कसे गेले, हे सारे ते संकोच न करता लिहितात. ही नोंद क्षुल्लक वाटली तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोकणातील गरीब कुटुंब आणि उत्तरेतील मराठी संस्थाने यांना जोडणारा धागा कोणता होता, हे तिच्यामुळे जितके स्पष्ट कळते तितके मला अन्यत्र कोठे कळलेले नाही.

झाशीचा भाग हा या पुस्तकाचा गाभा आहे. १८५८ च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोज याच्या सैन्याने झाशीला वेढा घातला, तेव्हा गोडसे शहरातच होते. तात्या टोपे यांची मदतीस आलेली फौज १ एप्रिल रोजी बेतवा नदीकाठी पराभूत झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच शहर पडले, एवढे कोणत्याही इतिहासात मिळते. गोडसे यांच्या पानांवर मात्र तोफांच्या माऱ्याखाली काढलेल्या रात्री आहेत, राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम आहे, आणि शहर पडल्यावर घराघरात शिरलेल्या सैनिकांपासून जीव वाचवण्याची धडपड आहे. लुटीचे वर्णन तर कोणाही इतिहासकाराने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे, कारण लुटीलाही एक क्रम होता हे त्यांनी टिपले आहे : आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापड आणि धान्य. झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश त्यांना विशेष लागला, आणि पोथ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाची ती हळहळ वाचताना आपणही व्याकूळ होतो.

काल्पीच्या परिसरातील एक प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. पठाणी वेषातील, धुळीने माखलेली आणि तहानलेली राणी एका विहिरीपाशी त्यांना भेटते; ते पाणी काढून देऊ लागतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून हे काम करवून घेणे तिला रुचत नाही आणि ती स्वतःच पाणी काढून ओंजळीने पिते. राणीविषयी पुढे विपुल लेखन झाले, पण त्यांपैकी फारच थोड्यांना ही जवळीक साधली आहे.

तरीही हे पुस्तक डोळे मिटून प्रमाण मानू नये. प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, ते आठवणीतून लिहिले गेले, त्यामुळे तिथी आणि घटनाक्रम यांत चुका आहेत. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, स्वतः पाहिलेले आणि लोकांकडून ऐकलेले ते सारख्याच खात्रीने सांगतात. इंग्रज सरकारने धर्म बुडवण्यासाठी ८४ कलमे राजेरजवाड्यांपुढे ठेवली, ही हकिगत इतिहास म्हणून टिकणारी नाही; परंतु लोक काय खरे मानत होते आणि कशाने पेटले होते याचा पुरावा म्हणून ती अमोल आहे. हा भेद स्वतः करीत वाचण्यातच या पुस्तकाचा खरा आनंद आहे, असे माझे मत आहे. लेखकाच्या नजरेच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात, कारण भिक्षुकाच्या जगाबाहेरील शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी स्त्रिया येथे कडेकडेनेच दिसतात.

विकत घेताना संहिता कोणती आहे हे अवश्य पाहावे. इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून गोडसे यांनी हे लिहिले, आणि वैद्य यांनीच १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले. मात्र तसे करताना त्यांनी भाषेवर हात फिरवला आणि मजकुरातही फेरफार केले. परकीय राजवटीत हे पुस्तक छापले जाणे हीच मोठी गोष्ट होती, म्हणून वैद्यांना दोष देणे मला उचित वाटत नाही. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील वाक्ये लांबलचक आहेत, फारसी शब्द पुष्कळ आहेत, आणि पहिली काही पाने वेग येत नाही. पण एकदा कान सरावला की गोडसे समोर बसून बोलत आहेत असे वाटू लागते. शालेय वयाच्या किंवा जुन्या मराठीशी परिचय नसलेल्या वाचकाने वैद्यांच्या पाठापासून आरंभ करण्यास हरकत नाही, मात्र ज्याला इतिहासाची जिज्ञासा आहे त्याने पोतदारांचीच संहिता मिळवावी, ग्रंथालयातून आणावी लागली तरी. वाचताना उत्तर हिंदुस्थानचा नकाशा जवळ असावा, कारण ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट ही ठिकाणे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे पाहिल्याखेरीज त्या पायपिटीची कल्पना येत नाही.