इंटेल ई८१० नेटवर्क कार्ड: नवी पॅकेटं ओळखायला शिकतं, पण अभ्यासक्रम कंपनीचाच

जीटीपी (मोबाइल डेटाचं वेष्टण), पीपीपीओई (ब्रॉडबँडची जोडणी), पीएफसीपी (मोबाइल जाळ्यातलं नियंत्रण) अशी टेलिकॉमची वाहतूक हाताळायची असेल, तर ई८१० घ्यायला हरकत नाही. स्वतःचाच हेडर (पॅकेटच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) तयार करून तो कार्डाला ओळखायला लावायचा बेत असेल, तर मात्र या कार्डाच्या वाटेला जाऊ नका. ताटात वाढलेलं हवं ते उचला, स्वयंपाकघरात शिरायला मनाई आहे.

या कार्डात पॅकेटचे हेडर ओळखणारा भाग कायमचा कोरलेला नाही. तो तक्त्यांवर चालतो आणि ते तक्ते ड्रायव्हर सुरू होताना एका फाइलमधून, म्हणजे पॅकेजमधून, चढतात. इंटेल याला डायनॅमिक डिव्हाइस पर्सनलायझेशन, म्हणजे डीडीपी म्हणते. नेहमीच्या पॅकेजात व्हीलॅन, टीसीपी, यूडीपी, एससीटीपी, व्हीएक्सलॅन, जिनीव्ह, जीआरई वगैरे मिळतं. कॉम्स पॅकेज घेतलं की त्यात जीटीपी, पीपीपीओई, एल२टीपीव्ही३, आयपीसेक आणि पीएफसीपीची भर पडते. वायरलेस एज नावाचं आणखी एक आहे, रेडिओच्या बाजूचं काम करणाऱ्यांसाठी.

याची गरज का पडते, ते जीटीपी-यूमध्ये, म्हणजे ग्राहकांचा डेटा वाहणाऱ्या जीटीपीत, लख्ख दिसतं. बेस स्टेशन आणि यूपीएफ (५जीच्या गाभ्यातलं डेटा पुढे पाठवणारं टोक) यांच्यात हजारो ग्राहकांचा डेटा जातो, पण बाहेरचे आयपी पत्ते दोनच आणि यूडीपी पोर्ट २१५२. लिफाफ्यावरचा पत्ता एकच, आतली पत्रं हजार. कार्ड लिफाफाच वाचत असेल तर हॅश (पत्त्यांवरून काढलेला, रांग ठरवणारा आकडा) तोच येतो, सगळी पॅकेटं एकाच कोअरच्या रांगेत पडतात आणि ३२ कोअरच्या सर्व्हरवर एक कोअर घामाघूम, बाकीचे निवांत.

पॅकेज बदलायची रीत सोपी, पण क्रम चुकला की फसगत. लिनक्समध्ये फर्मवेअरच्या फोल्डरात इंटेल, त्यात आइस, त्यात डीडीपी असा मार्ग आहे. तिथली आइस डॉट पीकेजी ही खरी फाइल नसून विशिष्ट आवृत्तीकडे बोट दाखवणारा सिमलिंक असतो; तो कॉम्सच्या फाइलकडे वळवायचा. मग आधी आयआरडीएमए (थेट मेमरीत डेटा नेणारं) मॉड्यूल उतरवायचं, मागोमाग आइस, म्हणजे ई८१०चा ड्रायव्हर, आणि आइस पुन्हा चढवायचा. आयआरडीएमए आइसवर अवलंबून असल्यामुळे तो बसलेला असेल तर आइस हलत नाही. एसएसएच (दूरवरून लॉगिन) याच कार्डावरून असेल तर हे काम बीएमसीच्या (सर्व्हरमधल्या स्वतंत्र देखरेख चिपच्या) कन्सोलवरून करा, नाहीतर बसलेली फांदी आपणच तोडल्यासारखं होईल.

नंतर डीमेसेगमध्ये (कर्नेलच्या संदेशांत) पॅकेजचं नाव बघा. ‘ओएस डिफॉल्ट’ऐवजी ‘कॉम्स’ दिसलं पाहिजे. डेव्हलिंक या आज्ञेच्या माहितीतही तेच नाव येतं. ‘सुसंगत पॅकेज आधीच डिव्हाइसवर आहे’ अशा अर्थाचा संदेश आला, तर कार्डाचा दुसरा एखादा पोर्ट अजून ड्रायव्हरला धरून आहे. एका कार्डावर पॅकेज चढवायचा मान पहिल्या फंक्शनलाच (ड्रायव्हरला दिसणाऱ्या पोर्टला) मिळतो, नंतरचे सगळे तेच वापरतात. त्यामुळे सगळे पोर्ट सोडल्याशिवाय नवं चढत नाही.

फाइल सापडली नाही, सही जुळली नाही किंवा पॅकेज ड्रायव्हरपेक्षा फार नवं निघालं, तर कार्ड सेफ मोडमध्ये जातं. हा मोड फसवा आहे: लिंक हिरवी, पिंग चालू, पण रांग एकच आणि बहुतेक सोयी बंद. डीपीडीकेमध्ये (कर्नेलला वळसा घालून पॅकेटं हाताळणाऱ्या लायब्ररीत) उलट आहे. सेफ मोडची परवानगी वेगळी दिली नसेल तर पोर्ट उठतच नाही. हे जास्त प्रामाणिक वाटतं.

सर्वात जास्त वेळ खाणाऱ्या चुका दोन. पहिली, अपडेट्स फोल्डरची. इंटेलचा स्वतंत्र ड्रायव्हर आपलं पॅकेज फर्मवेअरखालच्या अपडेट्समध्ये टाकतो आणि कर्नेल आधी तिथेच बघतं. तुम्ही मूळ फोल्डरात कितीही फाइली बदला, चढते ती अपडेट्समधलीच. दुसरी, इनिटरामएफएसची (बूट होताना मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल सिस्टमची). ड्रायव्हर तिथूनच सुरू होत असेल तर आत जुनीच प्रत बसलेली असते. सिमलिंक बदलल्यावर इनिटरामएफएस पुन्हा बांधणं आलंच. एकाच सर्व्हरमधल्या दोन कार्डांना वेगवेगळी पॅकेजं द्यायची तर फाइलच्या नावात कार्डाचा १६ अंकी सीरियल घालायचा, डॅश काढून, अक्षरं लहान लिपीत. ही सोय छान आहे, पण ड्रायव्हर इनिटरामएफएससाठी फक्त आइस डॉट पीकेजीचं नाव जाहीर करतो. सीरियलवाली फाइल तुम्हीच आत घालायची.

पॅकेज चढलं म्हणून रांगा आपोआप वाटल्या जातील असंही नाही. कार्डाला ओळख पटते. त्या ओळखीचं काय करायचं, ते वेगळं सांगावं लागतं. नव्या कर्नेलवर ईथटूल या आज्ञेच्या हॅश सेटिंगमध्ये जीटीपी-यू प्रकार निवडून टीईआयडी (जीटीपी बोगद्याचा ओळख क्रमांक) जोडा. आतल्या आयपीवर वाटणी हवी असेल तर डीपीडीकेत फ्लो नियम लिहा. ५जीच्या पॅकेटात पीडीयू सेशनचा (ग्राहकाच्या डेटा जोडणीचा) जादा हेडर असतो, त्यामुळे नियमाच्या साखळीत जीटीपी-यूनंतर तोही हवा. तपासायला स्कॅपीतून (पॅकेटं बनवणाऱ्या पायथन साधनातून) बाहेरचे पत्ते तेच ठेवून १,००० पॅकेटं सोडा, टीईआयडी किंवा आतला पत्ता बदलत ठेवा आणि प्रत्येक रांगेचा काउंटर बघा. फक्त शून्य क्रमांकाचीच रांग वाढत असेल तर मागच्या पायऱ्या पुन्हा तपासायच्या.

एवढं करूनही तुकडे झालेल्या पॅकेटांपुढे कार्ड हतबल आहे. दुसऱ्या तुकड्यात यूडीपी हेडरच नसतो, तर जीटीपी ओळखणार कशावरून? तुकडे पडूच नयेत म्हणून आकार मोजा: आयपीव्ही४चे २०, यूडीपीचे ८ आणि ५जीतल्या जीटीपीचे सहसा १६, असे ४४ बाइट वाढतात. आतलं पॅकेट १,५०० चं असेल तर वाटेतल्या प्रत्येक स्विचवर किमान १,५४४ चा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) ठेवा.

इंटेलचं जुनं एक्स७१० कार्ड काही बाबतींत खरं तर जास्त लवचीक. तिथे ईथटूलच्या फ्लॅश पर्यायाने, शेवटी १०० हा विभाग देऊन, जीटीपीचं प्रोफाइल चालू कार्डावर चढतं. ड्रायव्हर उतरवावा लागत नाही. फाइलच्या जागी डॅश दिला की मागचं उतरतं. अट एवढीच की हे पहिल्या पोर्टवरूनच करायचं, आणि ड्रायव्हर काढण्याआधी प्रोफाइल हाताने उतरवायचं. ते आपोआप जात नाही आणि पुढच्या वेळी गोंधळ घालतं. ई८१०मध्ये ही चालत्या गाडीत चाक बदलायची सोय गेली. बदल्यात पॅकेजं व्यापक झाली.

खरेदी करताना ई८१०च्या सीक्यूडीए२ या मॉडेलवर १०० गिगाबिटचे दोन पोर्ट दिसतात, पण दोन्ही मिळून १०० गिगाबिटच मिळतात. दुसरा पोर्ट पर्यायी वाट म्हणून धरा.