टर्बोच्या नावाखाली 82 हजार रुपये

सातारा-सांगलीकडे ज्यांच्या दारात अजून झेन, एस्टीम, जुनी सँट्रो किंवा पहिली स्विफ्ट उभी आहे आणि ‘सगळं धरून 65 हजारांत टर्बो बसवून देतो’ असं कुणी सांगतंय, त्यांनी ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या (एक्झॉस्टच्या) जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. माझे 82 हजार गेले, वर वडिलांच्या गाडीचं इंजिन गेलं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाही. फसवायची पद्धत मात्र सगळी लिहितो.

गाडी 2003 ची झेन, 993 सीसी, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी). सपाटीला आजही छान पळते. पण चार माणसं बसवून एसी लावला की यवतेश्वरच्या घाटात तिचा दम निघतो, आणि आई-वडिलांना घेऊन कासला जायचं तर तोच रस्ता. नवी गाडी घेण्याएवढे पैसे नव्हते आणि वडिलांना ही विकायची नव्हती.

सांगलीच्या गॅरेजवाल्याने समोर बसवून हिशेब मांडला. नवा इम्पोर्टेड टर्बो, मोठे इंजेक्टर, इंटरकूलर, मॅनिफोल्ड, ट्यूनिंग. ‘दादा, शंभर हॉर्सपॉवर काढून देतो, निर्धास्त राहा.’ तीस हजार ॲडव्हान्स, ‘माल आलाय’ म्हणून आणखी वीस, उरलेले पंधरा गाडी नेताना. गाडी न्यायला गेलो त्या दिवशी मात्र दोन नवे आकडे निघाले: चिपचे बारा हजार आणि आरटीओत पासिंग करून द्यायचे पाच. चिप नसेल तर इंजिन उडेल, हे त्याने सगळं काम झाल्यावर सांगितलं. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून कच्चा हिशेब दिला. ‘जीएसटी लावला तर तुम्हालाच 18 टक्के जास्त बसतील.’

सुरुवातीला गाडी खरंच उडाली. हायवेला कराडपर्यंत पाय ठेवला की पळायची. मग मागून निळसर धूर, मग ऑइल कमी व्हायला लागलं. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, ‘नवा टर्बो आहे, सेट व्हायला वेळ लागतो.’ यवतेश्वरच्या चढावर बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि पुढच्या वळणावर गाडी चारपैकी तीनच सिलिंडरवर आली.

साताऱ्यात एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी माझ्यासमोर एकेक भाग उतरवला. टर्बोवरची नंबराची पट्टी ग्राइंडरने घासलेली होती. हवेच्या पात्यांच्या कडा चिरलेल्या. काकांनी दांडा दोन बोटांत धरून हलवला तर पातं आतल्या भिंतीला टेकत होतं. ‘ऑइल नसताना किंचित आडवा प्ले, म्हणजे ढिलेपणा, चालतो, पण हे घासतंय. आणि पुढं-मागं तर हलायलाच नको.’ टर्बो भंगारातल्या छोट्या डिझेल गाडीचा होता. पेट्रोलचा एक्झॉस्ट पूर्ण जोरात नऊशे अंशांच्या वर जातो, डिझेलचा त्यापेक्षा थंड असतो, म्हणून डिझेलचा टर्बो बहुतेक वेळा पेट्रोलवर तग धरत नाही. मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फिरणारा दांडा असा घासायला लागला की काय होणार?

ऑइल परत चेंबरमध्ये जाणारी नळी करंगळीएवढी बारीक, आणि मधेच वर वळवलेली. टर्बोतून बाहेर पडणारं ऑइल फेसाळलेलं असतं आणि ते नुसतं उतारानेच खाली जातं. त्याला जाड आणि सरळ खाली जाणारी नळी लागते. इथे ते आतच तुंबायचं आणि सील ओलांडून जळायचं. निळा धूर त्याचाच.

इंजेक्टर? कंपनीचेच जुने, साफ करून परत बसवलेले. पैसे मोठ्या इंजेक्टरचे घेतलेले.

आणि ती बारा हजारांची चिप. काळा डबा, वर चमकणारं स्टिकर, लुकलुकणारा निळा दिवा. काकांच्या मुलाने चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत एक रेझिस्टर आणि तो दिवा, बस. रेझिस्टर हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत जोडला होता, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरला हवा थंड आहे असं वाटावं आणि त्याने थोडं जास्त पेट्रोल सोडावं. टर्बो किती हवा कोंबतोय याचा त्याला पत्ताच नाही. बिनटर्बो गाडीतला दाबाचा सेन्सर साधारण बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजतो, त्यापुढचा वाढीव दाब कंप्युटरपर्यंत पोचत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल कमी, स्पार्कचं टायमिंग मूळचंच, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) बिनटर्बो इंजिनाचं. मग स्पार्कच्या ज्वाळेची वाट न बघता उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. तो खडखडाट नॉकिंगचा होता. हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची रिंग बसायची कडाच तुटून पडलेली दिसली.

गॅरेजवाल्याचं उत्तर एकच: ‘तुम्ही गाडी दाबली. जुन्या इंजिनाची गॅरंटी कोण देतं?’ पण काम सुरू करायच्या आधी त्याने कॉम्प्रेशन तपासलंच नव्हतं. स्पार्क प्लग काढून गेज लावायचं अर्ध्या तासाचं काम आहे. जो मिस्त्री ते न करता टर्बोचा भाव सांगतो, त्याला तुमच्या इंजिनाचं काही पडलेलं नाही.

पासिंगचे पाच हजार तर निव्वळ लुबाडणूक होती. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. सीएनजी किटला मंजुरीची ठरलेली रीत आहे. गॅरेजात जोडलेल्या भंगारातल्या टर्बोला ‘ओळखीने’ मंजुरी आणतो म्हणणारा थाप मारतोय. या कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनीही क्लेम नाकारू शकते. पकडलं गेल्यावर गॅरेजवाला तिथे नसतो, मालक असतो.

मी काकांकडून बोअरिंग करून (सिलिंडर आतून थोडे मोठे कातून) ओव्हरसाइज पिस्टन टाकून घेतले, गाडी पुन्हा बिनटर्बोची केली. हे काम नीट करायचं तर वेगळा कंप्युटर, मोठे इंजेक्टर, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर आणि त्यावर बसून ट्यूनिंग करणारा माणूस लागतो. त्याचा खर्च जुन्या झेनच्या किमतीच्या पुढे जातो. घाटाला दम हवा असेल तर कॉम्प्रेशन, क्लच, इंजेक्टर आणि फिल्टर दुरुस्त करून घ्या. माझ्या गाडीचा अर्धा प्रश्न तर घासलेल्या क्लचचा निघाला.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी सुटे भाग गॅरेजवाल्याला परत देऊ नका. मला ‘टर्बो आणून द्या, बदलून देतो’ असं तीनदा सांगितलं गेलं. टर्बो, डबा, पिस्टन, ती वहीची चिठ्ठी, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं फोटो काढून सांभाळा. दुसऱ्या मिस्त्रीकडून सही-तारखेसह लेखी घ्या. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे गॅरेज सांगलीचं असूनही मी साताऱ्यातच तक्रार दाखल केली.