अंबरीची पेटी, ऑक्टोबर ते मार्च

कामानिमित्त अख्खा हिवाळा श्रीनगरात काढायचा होता, म्हणून ऑक्टोबरअखेर शोपियानच्या एका बागेतून अंबरी जातीच्या सफरचंदांची १६ किलोची पेटी आणली. आता मार्च लागलाय आणि पेटीच्या तळाशी सात फळं उरलीत.

दिसण्यात अंबरी मार खाते. डेलिशियस या दुसऱ्या जातीचा तो गडद लाल रंग हिच्याकडे नाही. हिरवट-पिवळ्या सालीवर लाल रेघा, आकार जरा लांबट, फळं लहानमोठी. काहींवर खपली रोगाचे काळपट डाग होते. या जातीला तो लागतोच. आमच्या पेटीत डाग सालीपुरतेच होते, सोलल्यावर गर पांढराशुभ्र.

आणल्या दिवशी खाल्लं तेव्हा मात्र मन खट्टू झालं. करकरीत होतं, पण चव मुकी. घरमालकीणबाई म्हणाल्या, "चिल्लई कलान लागेपर्यंत हात लावू नका." पेटी त्यांनी कानीत, म्हणजे घराच्या माळ्यावर ठेवायला लावली. खाली भाताचा पेंढा, वर पेंढा, आणि त्यावर जुनी रजई, कारण पारा शून्याखाली ५ अंशांवर गेला की उघडं फळ गोठतं आणि वितळल्यावर मऊ पडतं.

चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस. त्यातल्याच एका संध्याकाळी जिना चढत होते, तर पेटी दिसायच्या आधी वासच आला. गोड, किंचित फुलासारखा. फळ कापलं, सुरी टक्कन आत गेली, कडेने रस आला. झाडावरून उतरवल्यावरही सफरचंदातल्या पिठाची साखर होत राहते, हे वाचलं होतं. त्या दिवशी ते जिभेला कळलं. सोबत आणलेलं डेलिशियस तोवर पिठूळ झालं होतं. अंबरी फेब्रुवारीतही दाताखाली वाजत होती, तीही शीतगृहाशिवाय!

चूक माझ्याकडून एक झाली. नोव्हेंबरात दोन आठवडे पेटी बघितलीच नाही, आणि एका दबलेल्या फळाने शेजारची तीन नासवली. दर आठवड्याला हात फिरवून दुखावलेली फळं बाजूला काढायलाच हवीत. शिजवायला मात्र अंबरी घेऊ नका. आंबटपणा जवळपास नाहीच. घरमालकीणबाई चूंठ-वांगुन, म्हणजे सफरचंद-वांग्याची भाजी, आंबट सफरचंदांचीच करतात.

संकर करणाऱ्यांनाही हिचे गुण हवेसे वाटले. रेड डेलिशियसशी संकर करून लाल अंबरी झाली, गोल्डन डेलिशियसशी सुनहरी. पण मूळ अंबरीची झाडं कमी होत चाललीत याचं मला फार वाईट वाटतं. झाड फळाला यायला बरीच वर्षं घेतं, आणि एक वर्ष लगडलं की पुढच्या वर्षी हात आखडतं. मी गेले त्या बागेत चारच झाडं उरली होती, बाकी सगळं डेलिशियस. बागवानाला मी सांगून आलेय, या ऑक्टोबरात माझ्या दोन पेट्या धरा, आणि डागाळलेली फळं काढून टाकू नका, तीही मीच नेईन.