पिग्मी लावावी का? छोट्या दुकानदाराच्या नजरेतून एका जुन्या सेवेची पारख

पिग्मी म्हणजे एजंट रोज दारात येऊन थोडी थोडी रक्कम गोळा करतो ती बचत ठेव. दुकानदारासाठी ती चांगली सेवा आहे, फक्त ती व्याजासाठी लावू नये. जूनमधली शाळेची फी, ट्रेड लायसन्स, दिवाळीच्या मालाचा अॅडव्हान्स असे ठरल्या वेळी येणारे खर्च रोजच्या गल्ल्यातून उभे करायला तिच्याइतकं सोपं साधन बेळगावच्या गणपत गल्लीत काय किंवा निपाणीच्या पेठेत काय, दुसरं नाही.

ही पद्धत कर्नाटकातलीच. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे घरोघर फिरून गोळा करायला सुरुवात केली. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी हे नाव मात्र आता सगळ्यांचंच झालंय. आपल्या भागात ती सहकारी बँका, सोसायट्या (पतसंस्था) आणि सौहार्द संस्था (कर्नाटकातल्या वेगळ्या सहकार कायद्याखालच्या पतसंस्था) चालवतात, आणि बँक व बाकीच्या दोघांत मोठा फरक आहे. तो खाली सांगतो.

आधी रक्कम किती लावायची ते. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. संध्याकाळी गल्ला भरलेला दिसतो आणि त्या भरात ‘लावा रोजचे पाचशे’ असं सांगितलं जातं. पण गल्ल्यात घाऊक व्यापाऱ्याचे पैसेही असतात. समजा विक्री ६,००० आणि मार्जिन १५ टक्के, तर आपले ९०० रुपये. महिन्याचं भाडं ६,५०० असेल तर २६ दिवसांच्या हिशेबाने रोजचे २५०, लाइट आणि हमालीचे ५०. राहिले ६००. घरखर्चाला ४५० काढले की उरतात १५०. पिग्मी १५० चीच, एक रुपया जास्त नाही. त्यातही हा हिशेब पावसाळ्यातल्या विक्रीवर करावा. जुलैत खानापूर-बेळगाव पट्ट्यात पाऊस लागला की गिऱ्हाईक निम्म्यावर येतं. लग्नसराईतली विक्री धरून ठरवलेली पिग्मी तेव्हा भरली जात नाही. मग एजंटला ‘उद्या या’ सुरू होतं आणि शेवटी खातं मुदतीआधी मोडलं जातं.

मुदतीआधी मोडण्याचा तोटा समजून घ्यावा. सहा महिन्यांच्या आत खातं बंद केलं तर व्याज नाही आणि एजंटला दिलेलं कमिशन मुद्दलातून कापणार, असा नियम अनेक संस्थांत असतो. म्हणजे भरले त्यापेक्षा कमी परत मिळतात. खातं उघडताना हा नियम फॉर्मवर वाचून घ्यावा. फॉर्म कन्नडमध्ये असेल तर काउंटरवर वाचून दाखवायला सांगावं, त्यात संकोच कशाचा? आपलं आणि वारसाचं नाव आधारवरच्या स्पेलिंगप्रमाणेच चढलंय ना, हेही तिथेच बघावं. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर बदलतं आणि त्रास होतो तो वारसाला.

आता व्याज. रोज १५० प्रमाणे वर्षात ३१२ दिवस भरले तर ४६,८०० जमतात. दर ४ टक्के सांगितला की लोक १,८७२ रुपये मिळतील असं धरतात. प्रत्यक्षात पहिला हप्ता वर्षभर राहतो, शेवटचा एकच दिवस, त्यामुळे व्याज सरासरी निम्म्या रकमेवर पडतं, साधारण ९३६. हेच पैसे महिन्याला ३,९०० प्रमाणे साडेसहा टक्क्यांच्या बँकेच्या आरडीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत गेले तर साडेसोळाशेच्या आसपास मिळतील. फरक सातशेचा, म्हणजे दुकान उघडं असलेल्या दिवसाला सव्वादोन रुपये. रोज कुणी दारात येऊन पैसे बाजूला काढायला लावतो, त्याची ही किंमत आहे आणि ती वाजवी आहे. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत ३,९०० रुपये हात न लावता ठेवणं ज्याला जमतं, त्याने आरडीच करावी.

कोल्हापूरच्या व्यापाऱ्याची उधारी महिन्याला दोन टक्क्यांनी चढत असेल, तर पिग्मी अजिबात नको. ते वर्षाचे २४ टक्के झाले. तिकडे २४ द्यायचे आणि इकडे ४ घ्यायचे, यात दुकान आतून पोकळ होतं. आधी ती वही कोरी करावी.

सुरक्षितता. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. सोसायटी आणि सौहार्द संस्थांना ते नाही, पाटी कितीही बँकेसारखी असली तरी. म्हणून तिथे वर्षभराचीच पिग्मी लावावी, मुदत संपली की पैसे बँकेत हलवावेत.

एजंट बहुतेक भले असतात, उन्हापावसात फिरतात. तरीही नोंद डोळ्यांदेखत व्हायला हवी. एजंटच्या हातातल्या पावतीच्या मशीनमध्ये सकाळी शाखेत खात्यांची माहिती भरली जाते आणि वसुली झाल्यावर ती परत उतरवली जाते. गडबड होते ती या दोन्हींच्या मधे. पावती न देता ‘मशीन बंद आहे, उद्या दोन्ही एकदम मारतो’ असं म्हटलं तर पैसेही उद्याच द्यावेत. पावतीचा कागद थर्मल असतो, दोन महिन्यांत अक्षरं उडतात, तेव्हा रोजच्या रोज वहीत आकडा लिहावा. महिन्यातून एकदा स्वतः शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यावं आणि वहीशी ताडून बघावं. पासबुक एजंटकडे कधीच ठेवू नये. आता बरीच विक्री यूपीआयवर होते, गल्ल्यात रोख कमी पडते, म्हणून काहीजण एजंटच्या मोबाइल नंबरवर पैसे टाकतात. ते पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात जातात, आपल्या पिग्मीत नाही. संस्थेच्या नावाचा क्यूआर असेल तरच स्कॅन करावं.

मुदत संपल्यावर रक्कम २०,००० किंवा जास्त असेल तर कायद्याने ती सहसा रोख मिळत नाही, चेकने किंवा खात्यावर येते. त्यासाठी आपलं सेव्हिंग खातं आधीच जोडून ठेवावं. नवी पिग्मी सुरू करायला एजंट त्याच दिवशी दोन फॉर्म घेऊन येतो. जुन्या खात्याच्या पैसे काढण्याच्या फॉर्मवर रक्कम आणि तारीख आपल्या हाताने भरल्याशिवाय सही करू नये.