कोल्हापूरच्या राजारामपुरीतला हा दवाखाना: १५ वर्षांनी कुणीतरी चित्र काढून सांगितलं

महाद्वार रोडला साड्यांच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं माझं काम. पाळीचे पहिले दोन दिवस आले की मी मागच्या खोलीत गठ्ठ्यांवर पोट धरून पडलेली असते. वयाच्या १४ व्या वर्षापासून हे असंच. आधीच्या एका ठिकाणी सांगितलं, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. मग म्हणाले, मूल झालं की थांबेल. ४ वर्षं झाली, मूल नाही आणि कळाही थांबल्या नाहीत. दर वेळी गोळी लिहून द्यायचे आणि सोनोग्राफी नॉर्मल म्हणायचे.

नणंदेनं इथं पाठवलं. ११ ची वेळ दिलेली, आत बोलावलं सव्वा वाजता. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. काउंटरवरची मुलगी सगळ्यांसमोर मोठ्यानं तक्रार विचारते, ते थांबायलाच हवं. फी ६०० रुपये.

डॉक्टर मॅडमनी माझ्याबरोबर आलेल्या आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि मग विचारलं, पाळीत शौचाला बसताना दुखतं का? संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का? मला रडूच आलं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि मी आपणहून सांगणारी नव्हते. मग माझी परवानगी घेऊन, नर्सला शेजारी उभी करून त्यांनी आतून सोनोग्राफी केली. डाव्या बीजकोशात ४ सेंटिमीटरची गाठ, आत जुनं काळपट रक्त. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. आजाराचं नाव एंडोमेट्रिऑसिस. याचे बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसतातच असं नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं खोटं ठरत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मग आईला परत आत बोलावून त्यांनी कागदावर गर्भपिशवी काढली. पिशवीच्या अस्तरासारखाच थर पिशवीच्या बाहेर उगवतो: बीजकोशावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर. दर महिन्याला त्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. तो थर तिथं पोचतो कसा? सॅम्पसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडलं की पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात. पण असं उलटं रक्त बहुतेक बायकांचं जातं, आजार मात्र १० तल्या साधारण एकीलाच होतो. म्हणजे अशा भरकटलेल्या पेशी साफ करायला कुणाचं शरीर कमी पडतं, कुणाच्या घराण्यातच ते असतं, आणि इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन त्याला खतपाणी घालतं. क्वचित पुरुषांमध्येही तो सापडला आहे, त्यामुळं एवढ्या एका कारणानं सगळं उलगडत नाही. पोटाच्या पडद्यातल्या पेशीच बदलत असतील, असंही काही जण मानतात. "पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही," मॅडम सरळ म्हणाल्या. मला ते फार आवडलं.

आईनं विचारलं, "डॉक्टर, हिला लहानपणी घागरी उचलायला लावल्या, त्यानं झालं का?"

"नाही हो आई. तुमचं काही चुकलेलं नाही, हिचंही नाही."

आई काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाली, "मी पण चुलीपुढं गरम वीट पोटाला लावून बसायची." तिची पिशवी ३८ व्या वर्षी काढली. का काढली, ते तिला आजही माहीत नाही.

सध्या मला डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम, रोज एक. यानं आजार मुळासकट जात नाही, दबून राहतो, आणि गोळी चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत, हे मॅडमनी आधीच स्पष्ट केलं. मूल लगेच हवं असेल तर वाट वेगळी, आणि ऑपरेशननं बीजांचा साठा कमी होऊ शकतो, म्हणून त्याची घाई त्यांनी केली नाही. आम्ही दोघांनी ठरवलं, आधी काही महिने दुखणं आवरू. तीन महिने झाले. मधेच डाग पडतात, त्याचा वैताग येतो. पण मागच्या महिन्यात एकही सुट्टी घेतली नाही.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, आणि कुठल्या दिवशी कुठं दुखलं ते लिहून न्या. माझी धाकटी बहीण १७ वर्षांची आहे, पाळीत कॉलेज बुडवते. पुढच्या शनिवारी तिचा नंबर लावलाय.