‘साहेब, चाकातून धूर निघतोय’ असे कोणी सांगितले तर

जुन्या कॅम्पर व्हॅनने राष्ट्रीय महामार्गावरून फिरणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराने हातवारे करून तुमच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवले, तरी त्या जागी गाडी उभी करू नका. वेग कमी करून पुढचा पेट्रोल पंप किंवा टोलनाका गाठा आणि माणसांच्या वर्दळीत उतरून स्वतः पाहा. मी तसे केले नाही आणि १७,८५० रुपये घालवून बसलो. खोटा बिघाड दाखवून लुबाडण्याचा हा प्रकार जुनाच आहे आणि मी स्वतः दोन-तीन जणांना त्याबद्दल सावध केले होते, त्यामुळे हे लिहितानाही लाज वाटते.

आमची व्हॅन डिझेलची, पंधरा वर्षे ओलांडलेली. पण दोनच महिन्यांपूर्वी तिचे पासिंग करून घेतले होते आणि त्या वेळी मागचे दोन्ही ब्रेक ड्रम उघडून लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) पाहिले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘जुनी गाडी घेऊन निघालात की असेच होणार’ हे ऐकून आता कान किटले आहेत. बिघाड गाडीत नव्हताच.

दुपारचे साडेचार वाजले होते, पुढे घाट होता आणि मागच्या पलंगावर मुलगी झोपली होती. दुचाकीवर दोघे होते. “साहेब, मागच्या डाव्या चाकातून धूर निघतोय, लगेच थांबा,” असे त्यांनी ओरडून सांगितले. पत्नी डाव्या बाजूलाच बसली होती. आरसा पाहून ती म्हणाली, “अहो, मला तर धूर दिसत नाही.” मी तिलाच गप्प केले. थांबल्यावर एकाने मला बोनेटकडे नेऊन कूलंट पाहायला लावले, आणि तेवढ्या दोन मिनिटांत दुसरा मागच्या चाकाजवळ एकटा होता. आम्ही मागे आलो, तेव्हा हबवरून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरून, काळे ऑइल ओघळत होते.

माझा खरा संताप त्यापुढच्या एका मिनिटावर आहे. ऑइलचा ओघळ हबपासून रिमवरून सरळ खाली, एखाद्या भिंतीवरून पाणी उतरावे तसा, जमिनीच्या दिशेने आला होता. फिरत्या चाकातून गळणारे ऑइल असे कधीच उतरत नाही. ते बाहेरच्या बाजूला चौफेर फेकले जाते, टायरच्या आतल्या अंगावर त्याचे फराटे उमटतात आणि त्यांवर रस्त्याची धूळ चिकटून काळा थर बसतो. इथे मात्र ऑइल चकचकीत होते आणि बाजूची धूळ कोरडी होती. मी बोट लावून वासही घेतला. आमच्या गाडीच्या मागच्या एक्सलमधून (चाकांना जोडणाऱ्या दांड्यातून) गळते ते गिअर ऑइल, आणि त्याचा गंधकासारखा उग्र दर्प एकदा घेतला की विसरत नाही. माझ्या बोटाला तो नव्हता. त्याहून वाईट म्हणजे मी हबवर तळहात ठेवला होता आणि तो जेमतेम कोमट लागला होता. हबमधले बेअरिंग (चाक ज्यावर फिरते तो भाग) धूर निघण्याइतके तापलेले असते, तर हात पोळला असता. डोळे, नाक आणि हात तिन्ही खरे सांगत होते, आणि मी अनोळखी माणसाच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

पुढचे सगळे ठरल्याप्रमाणे झाले. ‘जवळच ओळखीचा मेकॅनिक आहे’, पंधरा मिनिटांत तो जॅक घेऊन हजर, चाक खाली, आणि हातात एक खड्डे पडलेले बेअरिंग. ते त्याने माझ्याच हबमधून काढले, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात ते निघताना मी पाहिलेच नाही, कारण त्या वेळी मला दगड शोधून पुढच्या चाकाला उटी (अडसर) लावायला पाठवले होते. हिशेब असा झाला: बेअरिंग ४,८०० रुपये, ऑइल सील ६५०, लायनर ३,२००, एक्सल ‘पॉलिश’ २,५००, मजुरी ३,५०० आणि तातडीने सामान आणल्याचे १,०००, एकूण १५,६५०. त्यांपैकी ९,००० रोख दिले, ६,६५० यूपीआयने. बिल मागितले, तर ‘दुकानावर या’ असे उत्तर मिळाले. पैसे ज्या नावावर गेले, ते नाव तिथल्या तिघांपैकी कोणाचेच नव्हते, हेही मी नंतर पाहिले. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर येणारे नाव मोठ्याने वाचा आणि हे कोण, असे तिथेच विचारा.

दुसऱ्या दिवशी आवाज येऊ लागला, म्हणून एका गॅरेजमध्ये हब उघडला. आत माझेच जुने बेअरिंग वरून नवे ग्रीस फासून बसवलेले होते, लायनरही जुनेच होते आणि नट जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉक वॉशरची पाकळी न वळवल्यामुळे नट सैल होत आला होता. त्या दुरुस्तीला २,२०० रुपये लागले. घाटात चाक निखळले असते, तर ही हकिकत लिहायला मी उरलो नसतो.

आता यंत्रणेविषयी. महामार्गाच्या १०३३ क्रमांकावर फोन लवकर उचलला गेला, पण ‘आम्ही टोइंग पाठवू शकतो, फसवणुकीचे पोलिसांना सांगा’ एवढेच उत्तर मिळाले. (हाच क्रमांक मी गाडी थांबवल्या क्षणी फिरवायला हवा होता.) पहिल्या पोलीस ठाण्याने हद्द आपली नसल्याचे सांगितले. दुसऱ्या ठाण्यात दीड तास बाकावर बसवून विचारले, “पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत ना? मग हा दिवाणी वाद झाला.” सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर सांगण्यात आले की व्यवहार समोरासमोर झाल्याने तो सायबर गुन्हा ठरत नाही. बँकेने पिन मीच टाकल्याची आठवण करून दिली. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर विक्रेत्याचे नाव आणि बिल मागितले गेले. जो माणूस बिल द्यायचे टाळतो, त्याचेच बिल मी कुठून आणू? प्रत्येकाकडे दुसऱ्याचा क्रमांक तयार होता.

हद्दीचे कारण तर साफ चुकीचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात, अशा गुन्ह्याची) माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, आणि फसवून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे. ठाण्याने नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते. हे कलम मला त्या बाकावर माहीत नव्हते. तुम्ही ते फोनमध्ये लिहून ठेवा. जुना सुटा भाग म्हणून जे दाखवतील ते ताब्यात घ्या, आणि तो निघताना तिथून हलू नका, दगड शोधायलासुद्धा नाही.

त्यांनी दाखवलेले ते खराब बेअरिंग मी रागाने गाडीत टाकून आणले होते. गॅरेजवाल्याने त्याच्या कडेवरचा कोरलेला क्रमांक पुसून वाचला आणि ते आमच्या गाडीच्या हबवर धरून दाखवले. ते त्यात बसतच नव्हते. अधीक्षकांकडे अर्ज देऊन आज २३ दिवस झाले. पोच मिळाली आहे, फोन आलेला नाही.